पहिली कात

हाइन्झ-गेर्ड कोळ्यांना घाबरतो हे आमच्या गावात सगळ्यांना माहीत होतं. मीही घाबरते हे कुणाला माहीत नव्हतं, कारण आमच्या घरात एकाच माणसाच्या भीतीला जागा होती आणि ती माझ्या नवऱ्याने आधीच अडवून ठेवली होती.

लग्नाला एकतीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत घरात शिरलेला प्रत्येक कोळी मी बाहेर नेला आहे. तळघरातून, न्हाणीघरातून, सप्टेंबरात तर पडद्यामागून रोज एक. कोळ्यावर काचेचा पेला पालथा घालायचा, खालून जुनं पोस्टकार्ड सरकवायचं, आणि ते सगळं दोन्ही हातांत धरून बागेच्या टोकापर्यंत चालायचं. चालताना मी मनात 'नमो मरिये' ही मरियामातेची प्रार्थना म्हणायचे. आत त्याचे पाय काचेवर घसरत असायचे. मागून हाइन्झ-गेर्डच्या सूचना चालू.

"नीट धर. कडेला फट राहिलीय. आपल्या वाफ्यात नको सोडू, कुंपणापलीकडे सोड."

मी परत आले की विचारायचा, "गेला?"

"गेला."

मग तो पुढचा अर्धा तास आपल्याला काय काय वाटलं ते सांगायचा. हातपाय कसे गार पडले, कानात कसा आवाज झाला. दुसऱ्या एखाद्या घरात कुणाच्या गाण्याचं कौतुक होतं, तसं आमच्याकडे त्याच्या भीतीचं व्हायचं. मी त्याला लिंबूसरबत करून द्यायचे.

गावाला हे कळलं ते नेमबाजांच्या उत्सवात. सहा वर्षांपूर्वी, खांबावरच्या लाकडी पक्ष्यावर गोळी झाडायची हाइन्झ-गेर्डची पाळी आली, आणि त्याच्या टोपीच्या पिसावरून एक बागेतला साधा कोळी धागा सोडत त्याच्या नाकासमोर उतरला. नवऱ्याने बंदूक बाजूला टाकली, हिरवा कोट अंगावरून उपटून काढला आणि बाकड्यावर चढून असा काही ओरडला की बँडवाले वाजवायचे थांबले. त्या दिवसापासून तो 'बाकडेवीर' झाला. बेकरीत, केशकर्तनालयात, तो काम करतो त्या खिडक्यांच्या दुकानातसुद्धा. गिऱ्हाईक खिडकी बघता बघता विचारायचं, "हिच्या फटीतून कोळी तर येत नाहीत ना, आव्हरबेक?" तो हसायचा आणि घरी येऊन जेवायचा नाही.

यातल्या शेवटच्याचं मला खरंच वाईट वाटायचं. बाकीच्याचं नाही.

या वर्षी मार्चमध्ये पेपरात प्राणिसंग्रहालयाची जाहिरात आली. एका दिवसात कोळ्यांची भीती घालवून देणारा वर्ग. सकाळी व्याख्यान, दुपारी श्वास सोडायचे व्यायाम, चार वाजता कोळी हातावर. हाइन्झ-गेर्ड गेला आणि संध्याकाळी प्रमाणपत्र घेऊन आला.

"मेख्टी," तो दारातूनच म्हणाला, "मी बरा झालो."

"देव पावला," मी म्हणाले.

"देव कशाला? मी स्वतः झालो."

त्याने प्रमाणपत्राला चौकट करून घेतली. त्याच आठवड्यात न्हाणीघरात बोटाच्या पेराएवढा कोळी निघाला, तेव्हा पेला आणि पोस्टकार्ड मीच घेतलं. हाइन्झ-गेर्डचं म्हणणं असं की बरं झालेल्या माणसाने बारीकसारीक कोळ्यांमागे धावायचं नसतं.

त्याला मोठा हवा होता. गावातल्या एका खाणावळीच्या मागच्या खोलीत दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी मोठे कोळी पाळणारे सात-आठ जण जमतात. त्यांचा म्होरक्या ओर्टविन पोलकाम्प. हा म्हातारा पूर्वी चर्चमधले ऑर्गन दुरुस्त करायचा, आमच्या चर्चचाही त्यानेच केला होता. या टेबलाचा एक नियम आहे. कुणीही येऊन बसावं, बिअर प्यावी, बोलावं. पण तोवर तो पाहुणा. त्याला सगळे 'हेर अमुक', म्हणजे श्रीयुत अमुक, म्हणणार आणि अहो-जाहो करणार. आपण पाळलेल्या कोळ्याची पहिली कात आणून टेबलावर ठेवली आणि तिची हकीगत सांगितली, की त्याचं नाव वहीत चढतं आणि तो सगळ्यांचा अरेतुरेतला होतो. एवढाच मान. त्यासाठी माझा नवरा महिनोन् महिने झुरला.

मी त्याला दोष देत नाही. ज्याला गाव बाकडेवीर म्हणतं, त्याला कुठल्यातरी एका टेबलाने आपलं म्हणावं असं वाटणारच. त्याने ते कसं मिळवायचं ठरवलं, त्याबद्दल मी बोलतेय.

मे महिन्यात तो रविवारच्या बाजारातून मेक्सिकोची लाल गुडघ्यांची टॅरंटुला घेऊन आला. डबा शेजारच्या सीटवर, पट्टा लावून. गाडी अंगणात उभी केली आणि आतूनच हॉर्न वाजवला.

"मेख्टी, जरा ये. माझी पाठ धरलीय."

डबा माझ्या शिवणाच्या पेटीहून हलका होता. मी तो छातीपासून लांब धरून आत आणला. पायऱ्या चढताना आतली हलली आणि मी तिथेच थांबले. हाइन्झ-गेर्ड चार पावलं मागे राहून म्हणाला, "हळू. ती पडली तर पोट फुटतं. नाजूक जात आहे, सगळ्यांना जमत नाही."

तिची काचेची पेटी त्याने जेवणघरातल्या कपाटावर ठेवायला लावली. तिथे ऊब चांगली असते म्हणे. त्याची आरामखुर्ची घराच्या दुसऱ्या टोकाला आहे, हा केवळ योगायोग. तिचं नाव त्याने 'बॅरोनेस' ठेवलं. पाणी बदलणं, माती ओलावणं, दर दहा दिवसांनी एक रातकिडा आत सोडणं हे सगळं माझ्याकडे आलं, कारण झाकण उघडायला वाकावं लागतं आणि त्याची पाठ. ते कपाट माझ्या कमरेएवढं उंच आहे. तिथे वाकायची कुणालाच गरज नाही.

त्याच जेवणघरात मी रोज संध्याकाळी सहाला माळ ओढते. पहिला आठवडाभर मी खुर्ची फिरवून तिच्याकडे पाठ करून बसले. ते जास्त वाईट निघालं. मानेवर काहीतरी चालतंय असं वाटून माझे मणी चुकायचे. मग मी खुर्ची तिच्याकडे वळवली. समोर असली की निदान ती कुठे आहे ते तरी कळतं. ती तासन् तास सालीच्या तुकड्यावर बसून असायची, काहीही न करता. कधी एक पाय उचलून पुन्हा तिथेच ठेवायची. ऑगस्टपर्यंत मला तिचे पाय मोजता येऊ लागले, छाती न धडधडता. झाकण उघडताना मात्र धडधडायचीच. अजूनही.

शुक्रवारच्या टेबलावर हाइन्झ-गेर्ड काय सांगायचा ते मला त्याच्या फोनवरच्या बोलण्यावरून कळायचं. "मी तिला काल दिलं." "मी बघतो ना तिच्या डोळ्यांत." टॅरंटुलाचे डोळे टाचणीच्या टोकाएवढे असतात आणि तो कधी तीन मीटरच्या आत गेलेला नव्हता.

आमची मुलगी वीब्के एका रविवारी जेवायला आली होती. तिला बापाची खोडी काढायला आवडतं.

"बाबा, हातावर घेऊन दाखव की."

"खरा जाणकार हातावर घेत नाही. तिला त्रास होतो."

"मग निदान झाकण तरी काढ. मला नीट दिसत नाहीये."

"झाकण सारखं काढायचं नसतं. ओल जाते."

"आई काढते तेव्हा जात नाही?"

"तुझी आई झटपट काढते," हाइन्झ-गेर्ड म्हणाला आणि बटाटे मागितले. वीब्केने माझ्याकडे बघून भुवई उडवली. मी बटाटे वाढले.

ऑगस्टच्या शेवटी बॅरोनेसने खाणं सोडलं. रातकिडा समोरून चालत गेला तरी ढिम्म. पोटावरचा केस नसलेला डाग काळपट होत गेला. डब्याबरोबर विकणाऱ्याने दोन पानांचं पत्रक दिलं होतं. हाइन्झ-गेर्डने ते वाचलं नव्हतं, अशा गोष्टी त्याला उपजतच कळतात. मी वाचलं होतं. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की खाणं सोडलं, पोट काळवंडलं, की कात टाकायची वेळ जवळ आली. आत जिवंत किडा राहू देऊ नये. मी ते त्याला सांगितलं.

"पत्रकं धंदेवाल्यांची असतात," तो म्हणाला.

"मग पोलकाम्पना विचार."

"त्यांना काय सांगू? माझी खात नाही म्हणून? मी त्यांना सांगितलंय की रोज खाते."

दहा दिवसांनी एकदा खाणाऱ्या प्राण्याला हा टेबलावर रोज जेवायला घालत होता. त्या म्हाताऱ्यांनी काय समजायचं ते समजून घेतलं असणार आणि सभ्यपणे बिअर प्यायली असणार.

पाच आठवडे असे गेले. ऑक्टोबरचा पहिला शुक्रवार तीन दिवसांवर आला तेव्हा, मंगळवारी संध्याकाळी, हाइन्झ-गेर्ड रातकिड्यांची नवी डबी घेऊन आला. मोठ्यातले मोठे.

"घाल एक."

"पत्रकात नको म्हटलंय."

"कोळी कुणाचा आहे, मेख्टी?"

मी घातला. हे मला सांगायलाच हवं. मला माहीत होतं आणि तरी घातला, कारण एकतीस वर्षांत त्याच्या आवाजाच्या त्या एका पट्टीला 'नाही' म्हणायची मला सवयच नव्हती. घरात शांतता राहावी म्हणून मी पुष्कळ काही केलं आहे आणि त्याला नम्रता असं नाव दिलं आहे. दुसऱ्याचा तिरस्कार करताना हे आपलंही थोडं बघावं.

बुधवारी चर्चमधल्या सकाळच्या मिस्सेहून परत आले तर हाइन्झ-गेर्ड जेवणघराच्या उंबऱ्यावर उभा. हातात नगरपालिकेचं कचऱ्याचं माहितीपत्रक.

"गेली," तो म्हणाला.

बॅरोनेस उताणी पडली होती. आठही पाय वर, थोडे आत वळलेले.

"मी सगळं बघितलं," तो म्हणाला. "सेंद्रिय कचऱ्याच्या तपकिरी डब्यात मांस चालत नाही. करड्या डब्यात पाळीव प्राणी चालत नाहीत. कोळी मांसात येतो की प्राण्यांत, हे त्यांनी कुठेच लिहिलेलं नाही."

त्याचे डोळे ओले होते. आवाजात मात्र असा काही हलकेपणा होता, जसा पाहुणे गेल्यावर यजमानाच्या आवाजात येतो.

"शुक्रवारी सांगता येईल मला," तो पुढे म्हणाला. "मेली म्हणून. त्यातही एक मान आहे, मेख्टी. ज्याची मेली त्याला कुणी हसत नाही."

मी पेटीजवळ गेले. एक पाय हलला. केसाएवढाच, पण हलला. आणि मग मला रातकिडा दिसला. मी काल घातलेला. तो पाण्याच्या वाटीआडून बाहेर आला होता आणि मिशा हलवत तिच्या उघड्या पोटाकडे चालला होता.

"मेलेली नाही," मी म्हणाले. "कात टाकतेय. आणि हा तिला कुरतडणार."

"कोण?"

"तुझा रातकिडा. माझा रातकिडा. चिमटा दे."

लांब चिमटा त्याच्या मागच्या खणात होता. त्याने खण उघडला, चिमटा जमिनीवरून माझ्याकडे सरकवला आणि दार अर्धं ओढून घेतलं.

मी झाकण काढलं. एरवी ती मातीवर सावध बसलेली असते आणि मी चिमट्याच्या लांबीइतकी लांब असते. आता तिच्या पायांमधून हात घालायचा होता, तिला धक्का न लावता, कारण त्या अवस्थेत धक्कासुद्धा तिला मारू शकतो. मी 'नमो मरिये' सुरू केलं आणि 'कृपापूर्णे'च्या पुढे एक शब्द आठवेना. चिमट्याची टोकं काचेला लागून किणकिणत होती. मनगट तिच्या पायाच्या केसांपासून दोन बोटांवर. रातकिडा उडाला, तिच्या पायावर बसला, मी डोळे मिटले, मग उघडले, कारण मिटून चालण्यासारखं नव्हतं. तिसऱ्या वेळेला तो चिमट्यात आला. मी तो तसाच खिडकीबाहेर टाकला आणि जमिनीवर बसले.

दाराच्या फटीतून आवाज आला, "गेला?"

मी उठून झाकण परत लावलं.

थोड्या वेळाने तो आत डोकावला. आता त्याच्या चेहऱ्यावर वेगळाच रंग होता.

"म्हणजे कात मिळणार? शुक्रवारच्या आत?"

"बहुतेक."

"मग ओढून काढ ना. ओली आहे तोवरच नीट निघते. वाळली की चुरा होतो. मला अख्खी हवीय, पाय तुटलेली नको."

"नाही," मी म्हणाले.

हळूच म्हणाले. मी मोठ्याने बोलत नाही. त्याला वाटलं त्याने चुकीचं ऐकलं.

"काय?"

"नाही ओढणार. ती तिची काढेल."

त्याने घड्याळ बघितलं. मग खिडक्या विकायला गेला.

मी त्या दिवशी स्वयंपाक केला नाही. कालचं मसुराचं सूप होतं. चर्चमध्ये बाराची घंटा झाली तेव्हा तिच्या पाठीचं झाकण पुढून उचललं गेलं, पेटीचं झाकण उचलावं तसं. मग ती एकेक पाय ओल्या हातमोज्यातून बोटं काढावीत तशी बाहेर काढू लागली. थोडी ओढायची, मग कितीतरी वेळ पडून राहायची. साडेतीनला ती बाहेर होती. फिकट, ओली, पाय पसरून पडलेली. शेजारी दुसरी तीच, रिकामी. दात पांढरे होते, तांदळासारखे. पत्रकात ते लिहिलेलं नव्हतं आणि मी ते बघून घाबरले होते की काहीतरी बिघडलं. गुरुवारी संध्याकाळपर्यंत ते लालसर झाले, तेव्हा जीव भांड्यात पडला.

गुरुवारीच मी चिमट्याने कात बाहेर काढली, साबणाच्या पाण्याने मऊ केली आणि बुचाच्या पाटीवर टाचण्या लावून पसरली. हाइन्झ-गेर्ड दारातून सांगत होता की पाय सरळ हवेत. मी सरळ केले. ती त्याच्यासाठीच पसरली मी, हे खरं आहे. टेबलावर तो काय सांगेल ते मला माहीत होतं आणि माझी हरकत नव्हती. एकदा त्याचं नाव वहीत चढलं की आमच्या घरी जेवणं वेळेवर होतील, असा माझा हिशेब होता.

पहिल्या शुक्रवारच्या येशूच्या पवित्र हृदयाच्या मिस्सेला मी नेहमी संध्याकाळी जाते, म्हणून त्या टेबलावर मी कधी गेलेच नव्हते. त्या शुक्रवारीही जाणार नव्हते. पण सात वाजता हाइन्झ-गेर्ड कोट घालून तयार झाला, पाटीकडे गेला आणि एक मीटरवर थांबला.

"तू सकाळीच जाऊन आलीस ना चर्चला?"

"हो. आज देणगीदारांनी दिलेला पाव गरिबांना वाटायचा होता म्हणून सकाळी गेले."

"मग चल की माझ्याबरोबर. हे जरा धर."

मी त्याच्याकडे बघितलं.

"ती रिकामी आहे, हाइन्झ-गेर्ड."

"माहितीये मला रिकामी आहे," तो कोट अडकवायच्या खांबामागून म्हणाला.

एका पोकळ सालीला, जिच्यात फुंकर मारली तर हलेल एवढंही वजन नाही, माझा बरा झालेला नवरा हात लावू शकत नव्हता. तेव्हा मला पहिल्यांदा त्याची कीवसुद्धा आली नाही. मी पाटी उचलली आणि गाडीत बसले.

मागच्या खोलीत आठ जण होते. पोलकाम्पनी पाटी दिव्याखाली घेतली, भिंग लावलं आणि बराच वेळ पोटाच्या आतली बाजू बघितली.

"मादी," ते म्हणाले. "पंधरा-वीस वर्षं सहज जगेल. पसरलीय सुरेख. एकही पाय मोडलेला नाही. सांगा, हेर आव्हरबेक. ऐकतोय आम्ही."

हाइन्झ-गेर्ड उभा राहिला. बसूनच सांगायचं असतं, बाकीचे सगळे बसलेले होते.

"तर बुधवारी सकाळी बघतो तर ही उताणी. दुसरा एखादा म्हणाला असता, मेली. मी म्हटलं, शांत. मी खुर्ची ओढून बसलो तो उठलोच नाही. श्वाससुद्धा मी हळू घेत होतो. एक रातकिडा आत राहिला होता, तो मी असा, असा, चिमट्याने—" त्याने हवेत बोटं मिटली. "एका झटक्यात. आणि कात टाकून उठली ना, तेव्हा इतकी भुकेली होती की मी लगेच दुसरा दिला. माझ्या डोळ्यांसमोर फस्त केला."

कुणीतरी बिअरचा पेला खाली ठेवला. एक जाडसर बाई, जी इतका वेळ दाणे सोलत होती, ती दाण्यांकडेच बघत राहिली.

"लगेच?" पोलकाम्प म्हणाले.

"लगेच. पाच मिनिटांत."

"दातांचा रंग कसा होता?"

"दातांचा?" हाइन्झ-गेर्ड म्हणाला. "काळा. नेहमीसारखा. चांगले चकचकीत."

पोलकाम्पनी भिंग पुसलं. मग ते माझ्याकडे वळले. फार सौम्यपणे, जसं मयताच्या घरी विचारतात तसं.

"तुम्ही पाहिलेत का, फ्राउ आव्हरबेक?"

हाइन्झ-गेर्डने माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत विनंती असती तर मी काय केलं असतं मला माहीत नाही. देवाच्या कृपेने तीत हुकूम होता.

"पांढरे होते," मी म्हणाले. "काल संध्याकाळी लालसर झाले. तिने काही खाल्लेलं नाही. मी अजून दहा दिवस काही घालणार नाही."

"दोन आठवडे थांबा," दाणे सोलणारी बाई म्हणाली. "या जातीचे दात सावकाश कडक होतात. आणि रातकिडा?"

"तो मीच घातला होता. माझी चूक. काढलाही मीच. तिसऱ्या वेळेला सापडला."

"घाबरलात?"

"हो."

"मीही मरणाची घाबरायचे," ती म्हणाली आणि दाणे माझ्याकडे सरकवले.

हाइन्झ-गेर्ड हसला. गिऱ्हाइकासमोर हसतो तसा.

"मेख्टी मला मदत करते. हाताखाली कुणीतरी लागतंच. वहीत आव्हरबेक लिहा ना. आडनाव एकच आहे, काय फरक पडतो?"

"वहीत आम्ही पहिलं नाव लिहितो," पोलकाम्प म्हणाले. त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि माझ्याकडे बघत थांबले.

मला गप्प बसता आलं असतं. घरी जेवणं वेळेवर झाली असती.

"मेख्टिल्ड," मी म्हणाले. "शेवटी ड."

"बस इथे, मेख्टिल्ड," पोलकाम्प म्हणाले. "मी ओर्टविन. काय घेशील?"

शुक्रवारी मी बिअर घेत नाही. मी सफरचंदाचा रस मागितला. हाइन्झ-गेर्ड अजून उभाच होता. त्याला कुणी टाकून बोललं नाही. "बसा ना, हेर आव्हरबेक," असं दोन-तीनदा म्हणालेसुद्धा.

चर्च मागे पडल्यावर तो गाडीत म्हणाला,

"एक वाक्य. एक वाक्य तुला गिळता आलं नाही."

"नाही."

"लोक आता काय म्हणतील?"

"आठच लोक होते. ते दातांबद्दल बोलतील."

शनिवारी सकाळी तो पांढरा शर्ट घालून जेवणघराच्या दारात आला. मी न्याहारीचं टेबल मांडत होते. राईचा पाव, लोणी, त्याच्यासाठी उकडलेलं अंडं.

"मी ठरवलंय," तो म्हणाला. "उद्या बाजारात नेऊन विकून टाकतो. पावती माझ्या नावावर आहे. कोळी माझा आहे."

"बरं," मी म्हणाले.

मी पाव बाजूला सरकवला, कपाटावरून पेटी उचलली आणि त्याच्या थाळीसमोर ठेवली. दोन्ही खिट्ट्या काढल्या. झाकण उचलून खुर्चीवर ठेवलं. मग प्रवासाचा छोटा डबा आणला, तोही उघडून शेजारी ठेवला. आतली सालीच्या तुकड्यावर बसली होती, नव्या अंगाने, गुडघे शेंदरी. उजेड पडला तसा तिने पुढचा एक पाय उचलला.

"घे," मी म्हणाले. "हळू. पडली तर पोट फुटतं."

तो दारात होता. एक पाऊल आत आला. त्याच्या कपाळावर घाम दिसायला लागला आणि अंडं गार होत गेलं. कुणाला घाई करू नये. भीती वाटण्यात काही पाप नाही, मी त्याला ते केव्हाही सांगितलं असतं, त्याने मला केव्हाही विचारलं असतं तर.

"झाकण लाव," तो शेवटी म्हणाला.

"तुझी आहे ना? तू लाव."

ती सालीवरून उतरली आणि काचेच्या कडेपर्यंत आली. हाइन्झ-गेर्डने खिशातून पाकीट काढलं, पाकिटातून पावती काढली, हात जेवढा लांब जाईल तेवढा लांब करून ती टेबलाच्या कडेवर ठेवली आणि गाडी धुवायला बाहेर गेला. नळाचा आवाज सुरू झाला.

मी पावती उलटी केली. मागची बाजू कोरी होती. घड्याळाखालच्या कॅलेंडरात दोन आठवडे मोजून मी त्यावर लिहिलं: एकवीस ऑक्टोबर, एक लहान रातकिडा. अक्षर वेडंवाकडं आलं. झाकण अजून उघडंच होतं.